मनोरथाची नदी

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा विचार मराठी समीक्षेने पुष्कळ केला आहे. लेखकाने कोणता देश पाहिला, कोणत्या दृष्टीने पाहिला, त्याच्या वर्णनात माहिती किती आणि आत्मा किती, हे प्रश्न आपल्या परिचयाचे आहेत. परंतु हा सारा विचार एका गृहीतावर उभा असतो, ते म्हणजे प्रवास प्रत्यक्षात घडला. वस्तुतः माणूस पायांनी जेवढे प्रवास करतो त्याच्या कितीतरी पट प्रवास तो मनाने आखतो. नकाशावर बोट फिरवणे, आगगाडीचे वेळापत्रक चाळणे, बरोबर काय न्यावे याची यादी करणे आणि ती पुन्हा खोडणे, हा व्यवसाय घरबसल्या वर्षानुवर्षे चालतो. या न घडलेल्या, किंवा अद्याप न घडलेल्या, प्रवासाचे वाङ्मय असते काय? असल्यास त्याचे मोल कोणत्या कसोटीने ठरवावयाचे? ते केवळ पलायन आहे, की प्रत्यक्ष प्रवासालाही न गवसणारे काही सत्य त्याच्या हाती लागते? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

त्यासाठी एक विशिष्ट क्षेत्र निवडणे सोयीचे होईल. पाश्चात्य, विशेषतः आंग्ल आणि अमेरिकन, वाङ्मयात गळाने मासे धरण्याच्या छंदाविषयी लेखनाची एक दीर्घ परंपरा आहे. आपल्याकडील वाचकाला हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. मासे धरणे हा आपल्या दृष्टीने कोळ्याचा, भोयाचा, गाबिताचा व्यवसाय. त्यावर ग्रंथ कशाला? परंतु या परंपरेतील माणूस पोटासाठी गळ टाकीत नाही. वर्षातील पंधरा दिवस तो नदीकाठी असतो आणि उरलेले साडेअकरा महिने त्या पंधरा दिवसांची योजना करीत असतो. दूरच्या देशातील, कधी न पाहिलेल्या नदीचे नाव त्याला झोपू देत नाही. म्हणून मनोरथाचे वाङ्मय पाहावयाचे तर याहून शुद्ध नमुना सापडणे कठीण.

या परंपरेचा मूळपुरुष आयझॅक वॉल्टन. त्याचा 'द कंप्लीट अँगलर' हा ग्रंथ १६५३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या हयातीतच त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. ग्रंथ संवादरूप आहे. गळवाला वाटसरूंना भेटतो, लंडनच्या उत्तरेकडील ली नदीच्या रोखाने ते चालू लागतात आणि बोलता बोलता आमिषे, मासे, पथ्यपाणी, गाणी असा सारा प्रपंच उलगडतो. वरवर पाहता हे एक शिकवणीचे पुस्तक आहे. पण प्रकाशनाचे साल ध्यानात घेतले म्हणजे त्याचा खरा अर्थ उमगतो. चार वर्षांपूर्वी राजाचा शिरच्छेद झालेला आहे, यादवी युद्धाने देश विदीर्ण झालेला आहे, आणि वॉल्टन पराभूत राजपक्षाचा माणूस आहे. अशा वेळी तो शांत नदी, स्वच्छ खाणावळ आणि सौजन्याने बोलणारी माणसे यांचे चित्र काढतो. त्या चित्रातील नदी खरी आहे, गावांची नावे खरी आहेत. परंतु तो देश त्या वर्षी अस्तित्वात नव्हता. वॉल्टनने परदेशाचे स्वप्न पाहिले नाही. स्वदेशच परका झाला तेव्हा त्याने स्वदेशाचे स्वप्न पाहिले. या परंपरेच्या उगमाशीच मनोरथ आहे, आणि त्या मनोरथाच्या मुळाशी हानी आहे, हे येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

या हानीचा आणि मनोरथाचा संबंध ज्याने सर्वांत खोलवर पाहिला तो लेखक म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वे. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मेन विदाउट विमेन' या संग्रहातील 'नाउ आय ले मी' ही त्याची लघुकथा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. कथा अगदी लहान आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला निक हा अमेरिकन तरुण इटलीत, आघाडीच्या मागे काही कोसांवर, गवत पसरलेल्या जमिनीवर रात्री पडून आहे. त्याच खोलीत रेशमाचे किडे तुतीची पाने कुरतडत आहेत आणि तो आवाज रात्रभर ऐकू येतो. निकला झोपायचे नाही. अंधारात डोळे मिटले तर आत्मा शरीर सोडून जाईल, अशी धास्ती स्फोटाच्या रात्रीपासून त्याला बसली आहे. मग जागे राहावयाचे कसे? तर बालपणी जिच्यात मासे धरले त्या अमेरिकेतील ओढ्यावर तो मनाने जातो आणि त्याची सारी लांबी सावकाश पालथी घालतो. प्रत्येक ओंडक्याखाली, प्रत्येक वळणावर तो गळ टाकून पाहतो; दुपारी थांबून शिदोरी खातो, तीही हळूहळू. आमिष संपले तर नवे शोधतो, आणि ज्या जिवाला गळाला लावताना मन कचरले तो पुन्हा वापरीत नाही.

येथपर्यंतचा भाग स्मृतीचा आहे. परंतु कथेचे मर्म पुढे आहे. काही रात्री निक ओढे निर्माण करतो. कधीही न पाहिलेले, कुठेही नसलेले ओढे. त्यांना नावे देतो, त्यांच्याकडे आगगाडीने जातो, कधी मैलोगणती चालत जातो. आणि पुढे कितीतरी काळ लोटल्यावर त्याला असे वाटत राहते की आपण त्या ओढ्यांवर खरोखरच गेलो होतो. खरे ओढे आणि रचलेले ओढे एकमेकांत मिसळून जातात.

मनोरथ हे पलायन आहे असे म्हणणाऱ्या समीक्षकाने या कथेपाशी थांबून विचार करावा. पलायन करणारा माणूस तपशील टाळतो. त्याला फळ हवे असते. वाट नको असते. दिवास्वप्नात आपण एकदम विजयी होतो, एकदम श्रीमंत होतो. मधले श्रम गळून जातात. निकचे स्वप्न याच्या नेमके उलट आहे. त्यात आमिष संपते. त्यात जेवायला वेळ लागतो. त्यात कठीण जागा आहेत आणि तेथे मासा लागतोच असे नाही. मनोरथाला वास्तवाचे नियम लावण्याची ही जी शिस्त, तीच निकला रात्रभर सावरून धरते. कथेच्या उत्तरार्धात शेजारी पडलेला सोबती त्याला लग्न करण्याचा सल्ला देतो, तेव्हा तो ओळखीच्या मुलींचा विचार करून पाहतो. पण थोड्याच वेळात त्या साऱ्या एकसारख्या होऊन पुसट होतात. ओढे मात्र दर वेळी नवे काही दाखवतात. हा स्त्रीविषयक शेरा नव्हे. ज्या विषयात मनाला तपशील ठाऊक आहे तेथेच ते वस्ती करू शकते, असे कथाकार सुचवीत आहे, आणि कल्पनाशक्तीविषयीचा हा सिद्धान्तच म्हणावा लागेल.

याच लेखकाची 'बिग टू-हार्टेड रिव्हर' ही दीर्घकथा १९२५ च्या 'इन अवर टाइम' या संग्रहात आहे. तिच्यात निक युद्धानंतर एकटाच मिशिगनच्या रानात येतो. जळून खाक झालेल्या गावाजवळ उतरतो, तंबू ठोकतो, डबाबंद अन्न गरम करतो, दुसऱ्या दिवशी ट्राउट मासे धरतो. युद्धाचा शब्दही कथेत नाही. ही कथा हेमिंग्वेने पॅरिसमध्ये बसून १९२४ साली लिहिली. म्हणजे नदीकाठच्या त्या साऱ्या हालचाली समुद्रापलीकडून मनाने केलेल्या आहेत. १९१९ साली तो ज्या नदीवर गेला होता तिचे नाव फॉक्स. टू-हार्टेड ही त्याच प्रदेशातील दुसरी नदी. नावात काव्य आहे म्हणून आपण ते हेतुपुरस्सर बदलले, असे त्याने पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे. प्रवासवर्णनकाराने असे केले असते तर आपण त्याला खोटा ठरविला असता. मनोरथाच्या वाङ्मयात मात्र खऱ्या नदीचे पाणी आणि दुसऱ्या नदीचे नाव यांचा संयोग क्षम्यच नव्हे, तर अर्थपूर्ण ठरतो. कथेचा शेवटही पाहण्यासारखा आहे. नदी पुढे एका अंधाऱ्या दलदलीत शिरते. निक तेथे जात नाही. त्यासाठी पुढे पुष्कळ दिवस आहेत असे म्हणून तो परत फिरतो. बरे होऊ लागलेल्या मनाचे लक्षण म्हणून हेमिंग्वे एक पुढे ढकललेला बेत देतो! ज्याला उद्याचा बेत करता येतो तो माणूस जगणार, हे याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

'द सन ऑल्सो रायझेस' (१९२६) या कादंबरीत परदेशातील मत्स्ययात्रेची योजना प्रत्यक्षात उतरते. पॅरिसमधील जेक आणि त्याचा मित्र बिल स्पेनमधील बुर्गेते या डोंगरी गावी जाऊन इराती नदीवर पाच दिवस मासे धरतात. मद्याच्या बाटल्या झऱ्यात गार करतात, थट्टामस्करी करतात, आणि तेथे भेटलेला एक इंग्रज गृहस्थ निरोप घेताना स्वतः बनविलेल्या पिसांच्या माश्या जेकला भेट देतो. साऱ्या कादंबरीत निर्मळ असे एवढेच एक प्रकरण आहे. आता वस्तुस्थिती पाहा. हेमिंग्वे १९२४ साली इरातीवर गेला होता आणि तो आनंद खरा होता. १९२५ च्या उन्हाळ्यात तो मित्रांसह पुन्हा गेला, तेव्हा लाकूडतोडीने नदीचा नाश झालेला होता. डोह बुजले होते आणि मासे मिळाले नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने ही कादंबरी लिहावयास घेतली, आणि तिच्यात त्याने नासलेली नदी घातली नाही, आदल्या वर्षीची घातली.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो गंभीर आहे. लेखकाने जे पाहिले ते लपवून जे हवे होते ते लिहिले, तर तो सत्याशी इमान राखतो काय? माझे उत्तर असे की, कादंबरीत जेकची जखम, मित्रांचे अधःपतन, उत्सवानंतरची विषण्णता हे सारे भोवती असल्यामुळेच त्या निर्मळ नदीला अर्थ येतो. नासलेली नदी दाखविली असती तर दुःखात दुःख मिसळले असते एवढेच. अक्षत नदी दाखविल्यामुळे काय गमावले याचे माप वाचकाच्या हाती लागते. मात्र हे उत्तर कलाकृतीपुरते आहे. कादंबरीतील नदी वाचून जो प्रवासी इरातीवर जाण्याचा बेत करील त्याच्यासंबंधी आपण वेगळा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो प्रश्न या वाङ्मयाच्या दुसऱ्या बाजूकडे नेतो.

ती बाजू म्हणजे स्वप्नाचे स्वामित्वात होणारे रूपांतर. झेन ग्रे हा अमेरिकन कादंबरीकार आपल्या काळचा सर्वांत प्रसिद्ध मत्स्यप्रवासी. १९२६ साली तो न्यूझीलंडला गेला आणि त्या देशाला त्याने गळवाल्यांची सुवर्णभूमी असे नाव देऊन त्याच वर्षी ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३० साली ताहितीच्या समुद्रात त्याने १०४० पौंडांचा मार्लिन धरला. ग्रेच्या लेखनात उत्साह आहे, समुद्राचे रंग आहेत, आणि त्यांचा आनंद मी नाकारीत नाही. परंतु त्याची पाने उलटताना एक थकवा येतो. पौंड, फूट, दोरीची जाडी, किती तास झुंज चालली, यांचे हिशेब वाढत जातात आणि देश मागे पडतो. न्यूझीलंडमध्ये पाऊल ठेवताच त्याने तेथील लोकांच्या मासे धरण्याच्या पद्धतीला नावे ठेविली आणि स्थानिक लोक दुखावले, हे त्याच्या वृत्तीशी सुसंगतच होते. त्याचा मनोरथ आधीच पूर्ण तयार होता. त्या देशाने त्यात फक्त मासा पुरवावयाचा होता. निकच्या स्वप्नात नदी गळवाल्याला नियम घालून देते. ग्रेच्या प्रवासात गळवाला समुद्राला नियम घालून देतो. वाङ्मयीन गुणवत्तेतील अंतर येथेच पडते.

आणि हे अंतर कागदापुरते राहत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज गळवाला दूरदेशी गेला तेव्हा त्याच्या स्वप्नातील मासा तेथे नव्हता. मग त्याने मासाच नेला. १८६४ साली 'नॉरफोक' नावाच्या जहाजातून ट्राउट व सॅमन यांची अंडी शेवाळात गुंडाळून, बर्फाच्या थरात ठेवून, इंग्लंडहून टास्मानियापर्यंत पोहोचविण्यात आली. तेथून १८६७ मध्ये ट्राउट न्यूझीलंडला गेला. १९०० साली तो काश्मिरात आला. ज्या न्यूझीलंडला झेन ग्रेने सुवर्णभूमी म्हटले तेथील ट्राउट हा असा आयात केलेला मनोरथ होता, आणि त्यापायी तेथील ओढ्यांतील मूळच्या लहान माशांची जी हानी झाली तिला या वाङ्मयात फारशी जागा मिळाली नाही.

आपण मात्र हे परकीयांचे पाप म्हणून बाजूला ठेवू शकत नाही. विल्यम हेन्री साइक्स याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील महसीर शास्त्रीय वाङ्मयात प्रथम नोंदविला आणि त्याच्या नामात दख्खनच्या लोकांच्या तोंडचा शब्द घातला. हाच आपला निळ्या परांचा महसीर पुढे लोणावळ्याच्या केंद्रात वाढवून दूरदूरच्या नद्यांत सोडण्यात आला. कावेरीतही तो गेला. कावेरीच्या खोऱ्यात स्वतःचा एक प्रचंड महसीर होता. त्याच खोऱ्यातील कबिनी नदीत १९४६ साली १२० पौंडांचा महसीर गळाला लागला होता, आणि त्या माशाच्या ओढीने देशोदेशींचे हौशी लोक कावेरीकाठी येत. २०१८ साली हा कुबडा महसीर अतिसंकटग्रस्त म्हणून घोषित झाला, आणि त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीरही गणला जातो. हेतू चांगला होता. नदी सर्वत्र सारखीच असते ही समजूत चुकीची होती. मनोरथाने तपशील सोडला की तो केवढा संहारक होतो, याचे हे घरचेच उदाहरण आहे.

याच महसीराविषयी जिम कॉर्बेटने लिहिलेले प्रकरण या दृष्टीने तुलनेला घ्यावे. १९४४ च्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' या ग्रंथात नरभक्षकांच्या कथांमध्येच 'माझ्या स्वप्नातील मासा' अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक प्रकरण आहे. कॉर्बेट १८७५ साली नैनितालला जन्मला. हिमालयाच्या पायथ्याच्या नद्या त्याला परदेश नव्हत्या. म्हणून त्याचे स्वप्न दूरचे नाही. माशाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व तो भोवतालच्या अरण्याला, पाण्याच्या आवाजाला आणि पाखरांना देतो. १८७३ साली मंगळुरात छापलेले एच. एस. टॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक विलायतेहून येणाऱ्या गळवाल्याला योजना करण्यास साहाय्य करीत होते: काठी कोणती, आमिष कोणते, नदी कोणती. टॉमसचे पुस्तक यादी आहे आणि यादी म्हणून उत्तम आहे. कॉर्बेटचे प्रकरण त्या यादीपलीकडचे आहे. शिकारीची साधने सारखीच असताना एकाने माहिती द्यावी आणि दुसऱ्याने सहवास द्यावा, हा फरक आपल्या प्रवासवर्णनांनाही लावून पाहण्यासारखा आहे.

येथे एक प्रश्न उरतो. ज्याचे पोटच माशावर आहे तो कशाचे स्वप्न पाहतो? हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. तिच्यातील म्हातारा कोळी सांतियागो झोपेत मासे पाहत नाही. तो पाहतो ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सिंह. पोरवयात जहाजावर काम करीत असताना त्याला ते दिसले होते. हौशी माणूस माशाचे स्वप्न पाहतो, कोळी सिंहांचे. मासा त्याच्या दिवसाचा धनी आहे; रात्रीचा नाही. मनोरथ नेहमी आपल्या धंद्याबाहेरचा असतो, आणि परदेशाचे स्वप्न हे केवळ सधन पर्यटकाचे लक्षण नव्हे, हे या एका तपशिलाने सिद्ध होते. ज्याच्याजवळ काहीच उरलेले नाही त्याच्याजवळही एक दूरचा किनारा असतो.

आता आपल्याकडे वळू. मनोरथप्रवासाचे वाङ्मय आपल्याला परके आहे काय? मुळीच नाही. 'मेघदूत' हे दुसरे काय आहे? रामगिरीवर खिळलेला यक्ष स्वतः हलू शकत नाही. तो मेघाला वाट सांगतो: कोठे थांबावे, कोठे पाणी प्यावे, कोठे वाट वाकडी करूनही उज्जयिनी चुकवू नये. सारा पूर्वमेघ म्हणजे न घडलेल्या प्रवासाची योजना आहे. माळव्यातील गंभीरा नदीपाशी तर कवीने पाण्यात उसळणाऱ्या चपळ शफरी माशांना नदीचे कटाक्ष मानले आहे. इंदूर-उज्जैनच्या वाचकांना ही नदी घरची आहे. मेघ अलकेस पोहोचला, निरोप सांगितला, असे कालिदास दाखवीत नाही. प्रवास घडला की नाही हा प्रश्नच त्याने गौण ठरविला. वाटेवरची प्रत्येक नदी तिच्या स्वभावासह सांगणे, हीच यक्षाच्या प्रेमाची खूण. विरह सहन करण्यासाठी वाट तपशिलाने आखणारा यक्ष आणि भीती सहन करण्यासाठी ओढा तपशिलाने पालथा घालणारा निक, हे दोघे एकाच कुळातील आहेत.

गळाचे शास्त्रही आपल्याला नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथ. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, या त्यातील उल्लेखामुळे तो मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली तो १९२५ पासून खंडशः प्रसिद्ध केला. त्याच ग्रंथाच्या विनोदविंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना चारावयाचे पदार्थ, गळ, दोरी, काठी यांचे तपशीलवार वर्णन त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. वॉल्टनच्या पाचशे वर्षे आधी दख्खनचा एक राजा पोटासाठी नव्हे तर विनोदासाठी गळ टाकण्याचे शास्त्र सांगतो, आणि त्याच्या ग्रंथाचे दुसरे नाव 'अभिलषितार्थचिंतामणी', म्हणजे इच्छिलेली वस्तू देणारे रत्न, असे आहे! मात्र सोमेश्वराने विधी सांगितला. काठावर बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते हे सांगितले नाही. ते काम गद्याचे होते आणि गद्याला यावयास अजून अवकाश होता.

मराठी गद्य आले तेव्हा त्याच्या दारातच एक बेत उभा होता. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला, पण त्यातील प्रवास १८५७ चा. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, या वार्तेवर वरसईचा हा दरिद्री ब्राह्मण उत्तरेस जाण्याचा बेत करतो. वडिलांची अनुज्ञा मिळविणे, घरातील कालवाकालव, कर्जाची टोचणी, हे सारे त्याने आरंभी सांगितले आहे. पुढे बंड उसळते आणि बेत कोठच्या कोठे वाहून जातो. या पुस्तकाची शक्ती बंडाच्या हकिकतीत आहे असे आपण म्हणतो. परंतु तो साधा, हिशेबी मनोरथ आरंभी नसता तर त्या हकिकतीला माणसाचा चेहरा आला नसता. पुढच्या काळात मात्र आमच्या प्रवासवर्णनांनी बेताचे प्रकरण विनोदाच्या स्वाधीन केले. 'अपूर्वाई'तील परदेशगमनाची तयारी मराठी वाचकाने मनसोक्त हसून वाचली, आणि ते हसू अस्सल आहे. तथापि तिचे अनुकरण करणाऱ्यांनी पारपत्र, थंडीचे कपडे आणि आप्तांचे सल्ले यांचे साचेच करून टाकले. बेत आखणाऱ्या मनाची गंभीर बाजू, त्यामागची हानी, त्यातील शिस्त, मराठीत अद्याप लिहून व्हावयाची आहे.

आपण बहुतेक शिक्षक आहोत, म्हणून शेवटी वर्गाकडे पाहणे अप्रस्तुत होणार नाही. कल्पनाप्रधान निबंध हा विषय आपण वर्षानुवर्षे देतो, आणि मुले पंख लावून एका वाक्यात चंद्रावर पोहोचतात. आपण त्याला कल्पकता म्हणतो व गुण देतो. निकच्या कसोटीने पाहिले तर ती कल्पकता नव्हे; तो आळस आहे. मुलाला असे सांगून पाहावे की, तू कधी न पाहिलेल्या एका नदीवर जाण्याचा बेत लिही. कोणत्या गाडीने जाशील, शिदोरी काय घेशील, ती कोठे संपेल, पाऊस आला तर काय करशील, तेथल्या माणसाला कोणत्या भाषेत हाक मारशील आणि ती नदी कोणाची आहे हे त्याला कसे विचारशील, ते सारे लिही. ज्याच्या बेतात हा शेवटचा प्रश्न येईल तो झेन ग्रेच्या वाटेने जाणार नाही. मलप्रभा, मांडवी, क्षिप्रा वा विश्वामित्री यांपैकी कोणत्याही नदीच्या काठी राहणाऱ्या मुलाला हा बेत करता येईल, कारण परकी नदी रचण्यासाठी लागणारे पाणी त्याने घरच्या नदीतूनच घ्यावयाचे असते.